गुडघ्याचे टक्के

१० मार्च, सोमवार
ह्यांच्या अपंगत्व पेन्शनला नकार आला. गुडघा फौजेत ड्यूटीवर गेला हे मान्य, पण अपंगत्व वीस टक्क्यांच्या आत, म्हणून पेन्शन नाही. बर्फातल्या चौकीवर घसरून पडले होते, तिथे काय हौसेने फिरायला गेले होते? हे मात्र पत्र वाचून शांतपणे दूध आणायला गेले. डोकं माझंच फिरलंय. पेन्शन लागली असती तर येरवड्याच्या सोसायटीतली वॉचमनची नोकरी सुटली असती. दिवसभर उभं राहायचं, कात्रजला घरी येईपर्यंत पाय हा असा सुजलेला.

१३ मार्च, गुरुवार
माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. तिथे कदम म्हणून निवृत्त सुभेदार अपिलं लिहून देतात. त्यांनी आधी एकच विचारलं, "मेडिकल बोर्डापुढे काय सांगितलंत?"
"ठीक हूँ सर."
मी कपाळावर हात मारला! निवृत्त होताना गुडघा तपासायला बोर्ड बसलं, आणि आमचे साहेब म्हणे ठीक. वर सकाळी दुखण्याची गोळी घेऊन, कडक इस्त्रीच्या पँटीत, ताठ चालत गेलेले.
कदम हसले. "वहिनी, सगळे हेच करतात. 'कुछ तकलीफ?' 'नहीं सर!' नोकरीभर दुसरं काही तोंडातून निघालेलंच नसतं. डॉक्टर तरी काय लिहिणार?"
अपील दिलं. बघू.

२० जुलै, रविवार
पुन्हा बोर्ड, ५ ऑगस्टला.
घरी तालीम. मी डॉक्टर. "उकिडवं बसता येतं?"
"बसतो."
"कसं?"
"बसतो म्हटलं ना!"
आमची लेक ऋचा लॅपटॉपमागून, "बाबा, हे कंप्लेन करणं नाहीये, जस्ट बी ऑनेस्ट ना!"
झालं, भडकले. "साहेबांपुढे रडगाणं गाणार नाही. खोटं बोलायची सवय नाही मला."
"मग मागच्या वेळी काय बोललात?" मी.
जेवले नाहीत. मीही नाही. बोलायला नको होतं. पण खरंच होतं ना...

५ ऑगस्ट, मंगळवार
बोर्ड झालं. मी बाहेर बाकावर, दाराला नुसता पडदा. आतून डॉक्टर, "कुछ तकलीफ?" म्हटलं, गेलं, आता पुन्हा ठीक हूँ.
आणि हे बोलायला लागले. थांबेचनात. सोसायटीत ड्यूटीवर दोनदा पडलेत. कुणी बघू नये म्हणून जनरेटरमागे जाऊन बसतात. गुडघा मध्येच दगा देतो, रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणे. ह्यांना! भीती! एवढी वर्षं एका घरात राहून मला एका अक्षराने नाही. आधी राग आला, मग रडूच.
रिक्षात विचारलं, "अहो, खरं होतं सगळं?"
"कमीच सांगितलं," म्हणाले आणि बाहेर बघत बसले.
निकाल टपालाने येणार. कधी, ते कुणी सांगत नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. टक्के जास्त निघू देत म्हणावं, तर माझ्याच नवऱ्याचं अधूपण मागितल्यासारखं. कमी निघू देत म्हणावं, तर उद्या पुन्हा येरवडा. काय मागावं सुचेना. नुसतीच उभी राहिले.