घरी अंदाज सांगायचा नाही

बाबा,

आज मी तुमचा नियम मोडला. घरच्या माणसाला पावसाचा अंदाज सांगितला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता कोण जाब विचारणार आहे म्हणा. पण हे सांगायला दुसरं कोणी सुचत नाही.

तुम्ही वेधशाळेत नोकरीला, म्हणून आपली दीक्षितपुऱ्यातली सगळी गल्ली तुम्हाला अडवायची. "भैया, पानी कब गिरेगा?" आणि तुम्ही सायकल न थांबवता "देखते हैं जी" म्हणत निघून जायचात. आईला तर तेवढंही उत्तर मिळत नसे. एका उन्हाळ्यात ती कुरडयांचा चीक शिजवून, सोऱ्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आभाळ अर्धं झाकलेलं आहे, आणि तुम्ही पेपरातून मान वर करत नाही. "साऱ्या जिल्ह्याला सांगता, मलाच काहून नाही सांगत?" आई चिडते. तुम्ही खुर्ची गच्चीवर नेता, डोक्यावर ओला पंचा टाकता आणि संध्याकाळपर्यंत कुरडयांच्या राखणीला बसता. थेंबही पडला नाही. आई हसून हसून बेजार झाली. मला मात्र तुमचा राग आला होता. मी भांडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ऑफिसचा अंदाज चुकला तर लोक ऑफिसला शिव्या देतात. घरी सांगितलेला चुकला तर त्या माणसासोबत जेवायला बसता येत नाही." मला ते तेव्हा नुसतं घाबरटपणाचं वाटलं.

पुढे मीही याच कामात पडले. कुठे किती पाऊस झाला, जमिनीत ओल किती, धरणात पाणी किती, हे बघून दुष्काळाचा नकाशा रंगवायचा, हे माझं काम. हिमालयातल्या बर्फाचे नकाशेही समोर येतात. ते उघडले की ग्वारीघाटावर पाण्यात पाय सोडून बसलेले तुम्ही दिसता. "गंगेला बर्फाचा आधार आहे. आपल्या नर्मदेला पावसाशिवाय कोणी नाही." तेव्हा तो भूगोलाचा धडा वाटला होता. यंदा जुलै संपत आला तरी आभाळ कोरडं, आणि तेच वाक्य आठवून मला झोप लागत नाही. गेल्या आठवड्यात नकाशावर आपला जिल्हा पिवळ्याचा नारिंगी झाला. तो रंग मीच भरला.

दादानं शाळेतून निवृत्त झाल्यावर नदीपलीकडे थोडी शेती घेतली, हे तुम्हाला माहीत नाही. आयुष्यभर पोरांवर ओरडला, आता बांधावर उभा राहून धानाच्या रोपांशी गोड बोलतो. रोपांना तो तिथल्यासारखं पऱ्हे म्हणतो, लावणीला रोवणी. आज सकाळी त्याचा फोन आला. "पऱ्हे पिवळे पडून राहिले. गावातले सगळे मोटारीच्या पाण्यावर चिखल करून उद्या रोवणी करून राहिले. बाया मलाही मिळून राहिल्या. लावू का थांबू?"

मी म्हटलं, आमचं पत्रक निघेल, ते बघ.

"पत्रक जिल्ह्यासाठी राहते. मी तुला विचारून राहिलो."

तो घाबरला होता, बाबा. रोपं लावली आणि पाऊस आला नाही तर ती भेगाळलेल्या शेतात जळणार. थांबला आणि पाऊस आला तर बाया दुसऱ्यांच्या शेतात गुंतलेल्या, आणि याचे पऱ्हे जून होऊन वाया जाणार. यंदाचं पीक गेलं तर जमीन विकून टाकीन, असं तो वहिनीला बोललाय. मी ढगांचे, वाऱ्यांचे सगळे नकाशे पुन्हा पाहिले. आठवडाभर तरी पावसाची काही चिन्हं नव्हती. "थांब," मी म्हणाले. त्यानं काहून म्हणूनसुद्धा विचारलं नाही. "अच्छा, चलो," म्हणाला, आणि बायांना दुसरं काम धरायला सांगून मोकळा झाला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

दुपारनंतर वारा फिरला. पूर्वेकडून काळे ढग चढून आले. ऑफिसातले सगळे खिडकीशी धावले, शिपाई टाळ्या वाजवत होता, "आ गया दीदी, देखो, आ गया!" मीही त्यांच्यासोबत हसले. आता घरी बसले आहे, शहराच्या टोकाला गढ्याच्या बाजूला गडगडतंय, आणि दादाचा फोन दोनदा वाजून बंद झाला. मी उचलला नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. सगळा जिल्हा पावसाची वाट बघत होता, शिपाई टाळ्या वाजवत होता, आणि मी त्या खिडकीशी हसत उभी राहून मनात म्हणत होते, नको पडू.