शेवटच्या चौकटीतला शिक्का

हमामात्सु,
९ नोव्हेंबर २०१९

प्रिय सेइगो,

अनेक आशीर्वाद. इकडे कोरडा वारा सुरू झालाय. दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात आणि तेवढ्याच वेळात माझे गुडघे कुरकुरायला लागतात. तुझ्या तोत्तोरीला पाऊस असेल. नासपतीची पेटी पोचली. चिठ्ठी दर वर्षीप्रमाणे याही वेळी नव्हतीच. फळं मात्र गोड होती, दोन तर मी उभ्या उभ्याच खाल्ली.

आता कामाचं. ‘ओबिनाता इंजिन’ला पन्नास वर्षं झाली. कारभार आता माझी चिनात्सु बघते. ती म्हणाली, “आई, कंपनीचा इतिहास छापायचाय आणि तो तूच लिहायचास. तुझ्याइतकी जुनी वस्तू कारखान्यात दुसरी नाही.” कार्टीची जीभ बाबांवर गेलीय! मग काय, जुने कागद काढून बसले.

पहिलं प्रकरण झरझर उतरलं. बाबांनी मोटरसायकलच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि मुळ्याचं लोणचं घालायची एक जुनी शेड भाड्याने घेतली. तू तेव्हा पाच वर्षांचा, तुला काय आठवणार! मी अकराची होते. तांदूळवाल्याची ती छोटी गाडी पोती भरली की चढावर रडायची. बाबांनी तिचं इंजिन उघडलं. नवीन काहीच घातलं नाही रे. दट्टे तराजूत तोलले, जड होता त्याला कणाकणाने घासलं, हवेच्या वाटा गुळगुळीत केल्या. मग इंजिन सुरू करून लांब पेचकसाचं टोक त्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. “तिसरी झडप हट्ट करतेय,” म्हणाले. मला पण ऐकवलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत कुणीतरी श्वास घेत होतं!

दुसऱ्या दिवशी ती गाडी पोत्यांसकट चढ चढून दिसेनाशी झाली. तांदूळवाला परत आला तो घामाघूम. “अहो ओबिनाता, हिच्यात भूतबीत घातलंत की काय?” आजही आमची मुलं संगणकापुढे बसून इंजिन जुळवतात, तेव्हा मी मागे उभी राहते. तेच लोखंड, तेच पेट्रोल, आणि माणसाच्या हाताने त्यातून एवढं बळ बाहेर यावं! पन्नास वर्षं बघतेय, तरी माझी मती गुंग होते.

मग १९८८ आलं. मी लिहिलं : ‘चाचणीत एक इंजिन निकामी झाले. जबाबदार कर्मचाऱ्याने कंपनी सोडली.’ दोनच ओळी. लिहून चहा करायला उठले आणि तो तसाच टाकून परत कागदाशी आले.

सेइगो, त्या दिवशी तू स्टेशनवर सामान आणायला गेला होतास. तू जोडत असलेल्या इंजिनाचं नोंदपत्र माझ्या टेबलावर होतं. प्रत्येक कामापुढे सहीच्या जागी तुझ्या नावाचा शिक्का, फक्त शेवटची चौकट रिकामी : ‘कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मापाने घट्ट केले.’ शर्यतीवालं गिऱ्हाईक दारात उभं, बाबा आतून ओरडतायत, “फुसाए, कागद कुठाय?” माझ्या खणात सगळ्यांच्या नावाचा एकेक विकतचा तयार शिक्का असायचा. रजेचे अर्ज, मालाच्या पावत्या, सगळ्यांवर मीच तर उठवायचे. तू कधी काही विसरायचा नाहीस. मी तुझा शिक्का उचलला आणि ठप्पकन मारला. इंजिन चाचणीला गेलं.

तू परत आलास तेव्हा रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. बाबांनी कागद तुझ्या नाकासमोर धरला. “हा शिक्का कोणाचा?”

तू शेवटच्या चौकटीकडे बघितलंस. मग म्हणालास, “माझा.”

“पुन्हा तोंड दाखवू नकोस,” बाबा म्हणाले. मी तिथेच, दोन हातांवर उभी होते. तोंडातून ब्र काढला नाही. नवऱ्याचं घर सोडून, तीन वर्षांच्या चिनात्सुला घेऊन मी सहा महिन्यांपूर्वीच माहेरी आलेली. बाबांना तेही पसंत नव्हतं. मला घालवलं असतं तर मी जाणार कुठे होते? मी मनाची समजूत घातली की तू गोंधळलास, आपणच शिक्का मारून विसरलो असं तुला वाटलं. त्या समजुतीवर एकतीस वर्षं काढली.

गेल्या मंगळवारी छायाचित्रासाठी तो कागद शोधला. भिंग घेऊन बघितलं. तू स्वतःचा लाकडी शिक्का खिशात ठेवायचास, पडून त्याची कड उडालेली. वरच्या अकरा चौकटींत वर्तुळ तुटकं आहे. बाराव्या चौकटीत अखंड!

तुला एका नजरेत कळलं होतं. खण कोणाचा हेही माहीत होतं. चोवीस वर्षांचं पोर तू! तुझा जीव त्या इंजिनात, आणि तू माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाहीस, बाबांना कळेल म्हणून. बाबांनी लोखंडातून जे काढलं ते मोठंच, पण तू त्या दिवशी जे केलंस त्यापुढे मला ते आता लहान वाटतं. तोत्तोरीत भातशेतीची यंत्रं दुरुस्त करत राहिलास आणि मला नासपती पाठवत राहिलास. कशाचा बनला आहेस रे तू?

त्या दोन ओळी मी खोडल्या. सगळं खरं लिहिलं, माझ्या नावासकट, आणि काल सकाळच्या सभेत चौदा जणांसमोर वाचून दाखवलं. चिनात्सु माझ्याकडे बघेचना. मला वाटलं, संपलं, लेकही गेली. मग ती उठली, पश्चिमेला तोंड केलं, तुझ्या गावाकडे, आणि कमरेत वाकली. बराच वेळ तशीच राहिली. तिच्यामागे सगळे वाकले.

पान छापखान्यात गेलंय. तू नको म्हणालास तरी परत मागवणार नाही. बाबा तुला न भेटता गेले, ते मला भरून देता येणार नाही. क्षमा कर असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, पण म्हणते.

तुझ्या जागी घरात राहिलेली,
तुझी ताई
फुसाए