तिसऱ्या हाकेपर्यंत

३ मार्च, सकाळी
'अ‍ॅशवेल लेन' या गेमचा ट्रेलर आला. दोन मिनिटं अकरा सेकंद. रिकामं घर, लांबलचक व्हरांडा, आतून एक बाई हाक मारते. ओ दिली की खेळ खल्लास! मराठीत पहिला 'फर्स्ट इम्प्रेशन' व्हिडिओ माझाच येणार. अख्ख्या हट्टा गावात हेडफोन आणि चांगला माइक दोन्ही असलेला मी एकटाच. ग्राफिक्स भारी. भीती शून्य.

बायको, वैष्णवी, कळमनुरीला माहेरी जाऊन बारा दिवस झाले. जाताना म्हणाली, की तीन वर्षं हाका मारून राहिले, तुमच्या कानात आपले हेडफोनच. आता तुमीच घ्यायला या. जाणारच आहे. व्हिडिओ झाला की.

४ मार्च
ट्रेलर सव्वीस वेळा पाहिला. अभ्यास म्हणून. हा गेम आपल्याच लोकांना जमणार. भरदुपारी एकटं असताना हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, हे आईनं लहानपणीच शिकवलंय. भूत दोनदाच हाक मारतं. परदेशातली पोरं पहिल्याच हाकेला मरणार.
न्हाणीत कसलासा आवाज झाला. पाइप असावा. आंघोळ अर्ध्यावर आटोपली. वेळ वाचला.

६ मार्च
आईनं जेवायला हाक मारली. प्रॅक्टिस म्हणून थांबलो. दुसरी. थांबलो. तिसरीला गेलो. आई म्हणाली, काहून रे, कान फुटले का तुहे? सुनबाईला कधी आणतू? रविवारी, म्हणालो. बराबर रविवारी.

८ मार्च, रविवार
गेलो नाही. ऊन फार. वैष्णवीला मेसेज टाकला: मंगळवारी पक्कं. उत्तर नाही. म्हणजे कबूल.

१० मार्च, मंगळवार, दुपारी
आज रेकॉर्डिंग. कळमनुरी उद्या. आई हळद शिजवायला शेतात. दाराला आतून कडी. ट्रेलरमधली बाई हाक मारणार एवढ्यात बाहेरून, खऱ्या दारातून: अहो!
हेडफोन काढला. मग कडी वाजली. अहो, ऐकता का?
आवाज हुबेहूब वैष्णवीचा. असंच फसवतात म्हणे. मी फसलो नाही. गप्प बसलो. तिसरी हाक आली नाही. वाचलो!

संध्याकाळी
आई आली. म्हणाली, शेजारच्या बेबीबाईनं पाह्यलं; सुनबाई बॅग घेऊन आलती, पायरीवर लई वेळ बसली अन् ऑटोनं माघारी गेली.
पटेना. रेकॉर्डिंग ऐकलं. पहिली हाक. दुसरी. पुढं वीस मिनिटं फक्त माझा श्वास, धापा टाकल्यासारखा. दार चार हातांवर.

११ मार्च
फोन लावला. तिनं उचलला. रीत समजावून सांगितली, सगळी. मग विचारलं, तिसरी हाक काहून मारली नाही? म्हणाली, तुमचा श्वास ऐकू येऊन राहिला होता. तुमी आत हाय हे कळलं, मग कशाला मारू.
तिनं फोन ठेवून दिला.
व्हिडिओ डिलीट केला. ट्रेलरही. घरात कसलाच आवाज नाही आणि मला फार भीती वाटते आहे.