अक्काचा उन्हाचा उपाय

मल्लेश्वरम, बेंगळूर
रविवार, २१ मे १९६७

प्रिय कावेरी,

आधी बातमी सांगते, बाकीचं मग. तुझी लेक आज सकाळी एकटी संपिगे रोडवर जाऊन आली. चांगली दहा वाजता, भर गर्दीत, तोंडासमोर हातरुमाल न धरता! मोगरा आणला, दोन निळ्या रिबिनी आणल्या, फुलवालीशी कानडीत घासाघीस केली, आणि वर मलाच ऐकवलं की मावशी, तुला ती रोज फसवते. मी सरी सरी, बरं बाई, म्हणत स्वयंपाकघरात गेले आणि डोळे पुसले. जीव भांड्यात पडला गं माझा. सात आठवडे ही पोर माझ्या घरात चेहरा लपवून वावरत होती. पोस्टमननं हाक मारली तरी आतल्या खोलीत पळायची.

चेहरा कसा आहे, हे तू विचारणारच. सगळं गेलेलं नाही, खोटं सांगणार नाही. हनुवटीवर चार-पाच मुरमं अजून आहेत. पण कपाळ स्वच्छ झालंय, आणि गालांवरची ती मोठी, दुखरी, हात लावू न देणारी, ती बसली. आता स्वल्प धीर धरून वाच, लगेच चिडू नकोस. हे तुझ्या सांगण्याप्रमाणे वागून झालेलं नाही. उन्हाचा उपाय मी तीन दिवस केला आणि बंद केला.

तुझी चिठ्ठी तिच्या ट्रंकेत अगदी वरच होती. अक्का, मला केलास तोच उपाय हिला कर, दहा ते बारा ऊन आणि चेहऱ्याला खोबरेल, असं तू लिहिलं होतंस. ही कॉलेजला जाणार नाही म्हणते, अगदी माझ्यासारखी, तेवढं सांभाळ, असंही लिहिलं होतंस. आणि खाली बारीक अक्षरात, की माझं मी मध्येच बिघडवून घेतलं, हिला बिघडवू देऊ नकोस. ते शेवटचं वाक्य वाचल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. हुबळीला बसून तू सतरा वर्षं हेच मनात धरून आहेस, हे मला कुठे ठाऊक होतं?

पन्नास सालचा तो उन्हाळा मला कालचा असावा तसा आठवतो. चामराजपेटचं घर. तू सतरा वर्षांची, नुकतीच एस.एस.एल.सी. झालेली, इंटरला जायचं म्हणून मे महिन्यातच वह्यांना कव्हरं घालून बसलेली. गणितात तुला मिळाले तेवढे मार्क आपल्या घरात कुणाला मिळाले नव्हते. आणि त्याच वेळी चेहऱ्यावर ही मुरमं. अम्माचं मसुरीचं पीठ झालं, हळद झाली, चंदन उगाळून झालं. मग एके दिवशी मी येऊन सांगितलं की कँटोन्मेंटातल्या एका नर्सबाईंनी उपाय सांगितलाय. मडमा मुद्दाम उन्हात पडून राहतात, ऊन मुरमं सुकवतं. अम्माला हे पटायला कितीसा वेळ लागणार! गच्चीवर तिचे संडगे वाळतच होते. संडग्यांची ओल सुकवणारं ऊन गालांवरची का सुकवणार नाही, असं तीच सगळ्यांना सांगायला लागली.

मग रोज दहा ते बारा तू गच्चीवर. चेहऱ्याला खोबरेल चोपडलेलं, हातात कावळे हाकायची काठी, तोंड सूर्याकडे. पंधरा दिवसांत अशी रापलीस की लाली दिसेनाशीच झाली. गुण आला, गुण आला म्हणून अम्मानं शेजारच्या भागुबाईंनाही सांगितलं, आणि त्यांनी आपल्या सुनेला नेऊन उन्हात बसवलं. अय्यो, त्या बिचारीचं काय झालं असेल कोण जाणे. जूनमध्ये ढग आले, तुझा रापलेला रंग उतरायला लागला, आणि खालून ही मोठमोठी वर आली. जुनी जिथे होती तिथे काळे डाग. कॉलेज उघडलं त्या दिवशी तू खोलीची कडी लावून घेतलीस. अम्मा दाराशी उभी राहून बोलत होती की हिनं चोरून शेंगदाणे खाल्ले, नखं लावली, हिच्या हातानं हिनं वाटोळं केलं. आणि तू आतून एक शब्द बोलली नाहीस, कारण शेंगदाणे तू खाल्ले होतेस. अण्णांनी दोन आठवडे वाट पाहिली, मग नको तर नको म्हणाले. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. नरसिंहराव देवमाणूस आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आजही घरात कुणी फोटो काढायला लागलं की तू चहा करायला उठतेस, ते मी पाहते.

तर तुझी अहल्या आली, आणि मी तुझ्या चिठ्ठीप्रमाणे तिला गच्चीवर खुर्ची टाकून दिली. काय बोलणार होते? पोर इतकी गुणाची, डोळे मिटून, तोंड वर करून दोन तास हलायची नाही. आईनं सांगितलंय म्हणायची. तिसऱ्या दिवशी कपाळ लालबुंद झालं, नाकाची सालं निघाली, आणि जिन्यातून उतरताना तिनं मला विचारलं की आईनं हा उपाय नीट मन लावून केला नव्हता का. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा घेतली आणि तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई तरुण आहेत आणि चांगल्याच फटकळ. म्हणाल्या, ऊन मुरमं सुकवत नाही, कातडी सुकवतं. रंग रापला की लाली त्यात दडते, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. आत सगळं जसंच्या तसं. वरून खोबरेल म्हणजे छिद्रं बुजवून ठेवायची, आणि जे डाग पडतात ते उन्हानं आणखी काळे होतात. कितीतरी डॉक्टर अजून मुरमांसाठी लोकांना उन्हाचेच किरण सोडणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली बसवतात, पण मला ते पटत नाही, असंही सांगितलं. मी मुद्दाम शेंगदाण्यांचं विचारलं. त्या हसल्याच. मूठभर शेंगदाण्यांनी कुणाचा चेहरा असा होत नाही म्हणाल्या. कावेरी, मला तिथे त्या परक्या बाईसमोर रडू फुटलं. अहल्या माझ्याकडे बघतच राहिली.

औषध साधं आहे. दोन वेळा साबणानं तोंड धुवायचं, घासायचं नाही. संध्याकाळी गंधकाचं लोशन. केसांचं तेल कपाळावर येऊ द्यायचं नाही, नखं लावायची नाहीत, उन्हात जाताना छत्री. लोशनचा असा वास मारतो की आमचे हे ताट घेऊन दूर सरकून बसतात, आणि अहल्या मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसते. वय सरलं की बहुतेकांचं आपोआप जातं, असं बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. ते ऐकून ती घरी येताना पहिल्यांदा बसमध्ये खिडकीशी बसली.

आता ज्यासाठी कागद घेतला, ते लिहिते. आठवडाभर लिहून फाडते आहे. कँटोन्मेंटात कुणी नर्सबाई नव्हत्या. त्या उन्हाळ्यात संडगे राखायचं काम माझं होतं, आणि ते डब्यात भरेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं अम्मानं मला बजावलं होतं. माझ्या टायपिंगच्या क्लासची वेळ दहा ते बारा. जुलैत परीक्षा. माझ्या जागी गच्चीवर कुणीतरी हवं होतं, म्हणून जिना चढता चढता मी तो उपाय रचला. दोन तास उन्हात बसून काय होणार, असं वाटलं. तू रापलीस आणि सगळे वाहवा करायला लागले तेव्हा मलाच माझं खरं वाटायला लागलं. जूनमध्ये मात्र कळलं होतं गं. अम्मा तुझ्या दाराशी बोलत होती तेव्हा मी मागेच उभी होते. मी परीक्षा पास झाले, मला नोकरी लागली, आणि मी तोंड उघडलं नाही. तू काही बिघडवलं नव्हतंस. तुझी एवढीशीही चूक नव्हती. काल अहल्येला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, आईला तू कळव, नाहीतर मी कळवते. आणि उठून तिनं कॉलेजचा अर्ज भरला. गणित घेतलंय. दहा जून शेवटची तारीख आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण ये. पालकाच्या सहीची जागा तिनं कोरी ठेवली आहे, आणि तिथे तिला वडिलांची नको, तुझी सही हवी आहे.

रागावलीस तरी तुझीच,
सत्यवती अक्का