चार हाका

४ फेब्रुवारी, रविवार

आला एकदाचा! ठेंगूच्या विमानाचा वैमानिक. लढाई संपून चार महिने झाले, आता सवड मिळाली साहेबांना. पंचविशीचाही नसेल. डावा हात भाजून आक्रसलेला. आईसमोर पाठ केल्यासारखं बोलला — "गोळी लागली आणि क्षणात गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." आई रडली. बरं वाटलं तिला.

मला नाही. दिवसभर टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांचे आवाज ऐकते मी. खोटं मला लगेच कळतं. जाताना जिन्यात गाठलं त्याला.

५ फेब्रुवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

म्हटलं, "मी त्याची ताई. मला खरं काय ते सांगायचं." कठडा धरून खालीच बसला.

बॉम्ब टाकून परतत होते. इंजिन पेटलं. यानं सगळ्यांना उडी मारायला सांगितलं. ठेंगू शेपटाकडे, मशीनगनपाशी — बुटका म्हणून तिथं बसवलेला. ("उंची शेवटी कामाला आली बघ, ताई!" काय हसला होता सांगताना!) त्याच्या मागचं दार अडकलं. कानातल्या फोनवर हाक आली — "दार उघडत नाहीये. थांबा!" चार वेळा. चौथ्या हाकेला यानं कानातला फोन उपटला आणि उडी मारली.

एकोणीस वर्षांचा होता ठेंगू.

८ फेब्रुवारी

आईला सांगून टाकलं. भांडी घासत होती, घासतच राहिली. मग म्हणाली, "रविवारी जेवायला बोलाव त्याला."

११ फेब्रुवारी, रविवार

वाटलं होतं, आई त्याला फाडून खाणार. छे! आग्रह करकरून वाढलं. हात धुऊन आल्यावर म्हणाली, "हं, आता सांग. खरं तेच." त्यानं सांगितलं. तिचं समाधान होईना. "ओरडला, की रडला? दोन हाकांच्या मध्ये किती वेळ गेला?" तो माझ्याकडे बघत होता, मी थांबवीन म्हणून. मी पाण्याचा पेला पुढे केला.

मला मजा आली. खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज आईनं त्याच्याकडून हाका मारून घेतल्या. चारही. "एवढ्या हळू? नीट मार!" खालचा शिंपी धावत वर आला. "काही नाही," मी म्हटलं, "पाहुणे आलेत."

२१ फेब्रुवारी

शिंप्यानं अडवलं. "अहो, तो पोरगा तुमच्याकडून उतरला की गल्लीच्या टोकाला ओकत असतो. सोडा आता त्याला." यांना काय जातंय बोलायला!

२५ फेब्रुवारी, रविवार

आज मीच विचारलं — येतोस कशाला? आम्ही काय बेड्या घातल्यात?

"खरं फक्त इथंच बोलता येतं, ताई."

ताई! म्हटलं, "मला ताई म्हणायचं नाही."

बूट घालताना म्हणाला, "त्या दिवशी आमच्याखाली अख्खं शहर जळत होतं. तिथल्या आयांनी कुणाला जेवायला बोलवायचं?"

आई म्हणाली, "ते त्यांचं त्या बघतील. तू रविवारी ये. बाराला."

त्यानं मान हलवली. भाजलेल्या हातानं नाडी बांधता येईना. कुणी वाकलं नाही.

४ मार्च, रविवार

बारा वाजले, तो आला नाही. त्याची आई आली. तो मंगळवारी गेला. स्वतःच्या हातानं.

"तुमच्याकडे जाऊन आला की दोन-दोन दिवस जेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "काय व्हायचं हो इथं?"

आई उठून आत गेली. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.