चौदा वनस्पतींचं मलम

तीर्थस्वरूप ताईस,

हात जोडून नमस्कार. (जोडताना आता दुखत नाहीत; त्याचीच हकीकत पुढे आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की तुमच्याकडेच राहायला आला?

तू घरी करून पाठवलेलं चौदा वनस्पतींचं मलम मी तीन महिने, दिवसातून तीनदा, मनोभावे लावलं, हे आधीच सांगून ठेवतो. पण हातावरचं इसब हटवादी निघालं. बोटांच्या बेचक्यांत होतं ते ऐसपैस मनगटापर्यंत पसरलं. पुस्तकं बांधणाऱ्याची बोटं चिरली की सुई धरवत नाही, आणि कोऱ्या पानांवर रक्ताचे ठिपके पडतात. एका कवीच्या संग्रहावर पडले, ते त्याला फार आवडले. (बाकीच्या गिऱ्हाइकांना एवढी दृष्टी नाही.) हातच गेले तर मी करायचं काय, या धास्तीने शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

त्या म्हणाल्या, खाज कशाने उठते ते आधी कळू दे. मग मी एक सुबक खाजवही बांधली आणि तिच्यात साबण, खळ, हवा, जेवण, मनःस्थिती असं सगळं लिहू लागलो. शिवाय रोज दुपारी ओटचं पीठ कालवलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं हात बुडवायचे, टिपायचे आणि बिनवासाचं साधं क्रीम लावायचं. काय सांगू ताई, त्या पंधरा मिनिटांचा दीड तास कधी होतो कळत नाही. ऊन टेबलावर येतं, दुधाळ पाण्यात हात दिसेनासे होतात, आणि पाण्याखाली कुणीतरी मनगटं हलकेच धरून ठेवल्यासारखं वाटतं. परवा न शिवलेली पानं एकेक करून छताकडे निघाली होती. मी त्यांना जाऊ दिलं. जाग आली तेव्हा पाणी गार झालं होतं, आणि समोरच्या खुर्चीत गिऱ्हाईकही पेंगत होतं.

तर वही. उलटसुलट कशीही वाचली, तरी दर खाजेच्या अर्धा तास आधी एकच नोंद: ताईचं मलम. मी साबणावर आळ घेऊन पाहिला, हवेवर घेतला. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, “नैसर्गिक आहे म्हणून सोसेलच असं नाही हो. चौदांतली एखादी तुम्हाला चालत नाही.” मलम बंद केलं आणि पंधरा दिवसांत हात निवळले. तू रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. उरलेला डबा टाकवेना, म्हणून एका जुन्या पुस्तकाच्या चामडी पुठ्ठ्याला चोळला. तो इतका मऊ झाला की गिऱ्हाइकं गालाला लावून बघतात. मेलेल्या कातड्याला तुझं मलम फार मानवतं. आणखी पाच डबे हवेत.

पुन्हा ता. क. खाज मलमानेच वाढतेय, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. पण त्याला तुझ्या हातांचा वास येतो. लहानपणी दुपारी निजताना मी खाजवू नये म्हणून तू माझी मनगटं धरून बसायचीस. तुझीच मान डुलायची, पण पकड सुटायची नाही. म्हणून लावत राहिलो. डबे पाठवू नकोस. घेऊन ये.