शिळं ‘चालू’

७ जानेवारी
सकाळपासून लायब्ररीवर, म्हणजे इतरांनी ॲपमध्ये वापरायच्या माझ्या तयार कोडवर. विहिरीची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायची सेवा देणारी एक कंपनी आहे. तिच्या सर्व्हरशी बोलणारा मधला कोड मी लिहिला आणि खुला ठेवला. कुणीही फुकट घ्या, आपल्या ॲपमध्ये बसवा. आज परदेशातल्या एकानं लिहिलंय, तुमच्या लायब्ररीत दिलेला हुकूम कधी हरवत नाही, फार आवडलं. हरवेल कसा? कळंबमध्ये बसून लिहिलीय. इथं घडीघडी रेंज जाते, म्हणून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ती हुकूम धरून ठेवते, पुन्हा पुन्हा पाठवते. पुण्यातल्यांना सुचलं नसतं. दिवसभर उगाच खुशीत.

९ जाने.
येरमाळ्याहून बालाजीभाऊंचा फोन. हायवेला त्यांचं मोटर दुरुस्तीचं दुकान. मोबाईलवर चालणारे स्टार्टर विकतात, सोबत ॲप देतात, ॲपमध्ये माझी लायब्ररी.
"ताई, एका गिऱ्हाइकाची मोटर आपोआप चालू झाली. कुणी हात लावला न्हाय."
स्टार्टर बिघडला असेल म्हटलं.
"स्टार्टरला काय धाड भरलीय? म्याच बसवलाय."
बघते म्हटलं. नीट जेवण गेलं नाही.

१० जाने.
सापडलं. रेंज नसताना दाबलेलं ‘चालू’ मोबाईलमध्ये अडकून राहतं. माणूस कंटाळून विहिरीवर जातो, हातानं मोटर चालवतो, रान भिजवतो, बंद करतो. मग कधीतरी रेंज येते आणि माझी लायब्ररी इमानदारीनं ते शिळं ‘चालू’ पोचवते.
हुकूम हरवू नये एवढंच बघितलं. वेळ टळली की तो फेकून द्यावा, हे डोक्यातच आलं नाही. आणि त्या वेळी कुणी मोटर बंद आहे असं समजून विहिरीत उतरलेला असेल, हातात केबलचा जोड असेल, तर
नको.

११ जाने.
दुरुस्ती टाकली. वेळेत पोचलं नाही तर हुकूम रद्द, माणसाला पुन्हा विचारायचं. मोठ्या अक्षरात इशाराही. परदेशातला तोच विचारतोय, आधीचं बरं होतं की, का बदललं? सगळं लिहिलं. त्याला पटलं. पण बाकीचे? खुला कोड कुणी नेला त्यांची नावं नसतात. याचाच मला अभिमान होता. आता तेच खायला उठलंय.
गावी नानांना फोन केला. आमचे चुलते, बालाजीभाऊंचं पहिलं गिऱ्हाईक तेच. म्हटलं, नाना, विहिरीत उतरायच्या आधी फ्यूज काढून खिशात ठेवत जा.
"कशाला गं? मोबाईल बंद दावतोय की. तू केलंय म्हणल्यावर फ्यूज कशाला काढू?"
म्हणजे काढतच नव्हते.

१३ जाने.
भाऊंनी ॲप प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये फाईल पाठवून बसवलेलं, आपोआप नवं होत नाही. म्हणून त्यांच्या गाडीवर बसून शेतोशेत हिंडतेय. मोबाईल मागायचा, जुनं काढायचं, नवं टाकायचं. लोक चहा पाजतात, कौतुक करतात. मान वर करून बोलवत नाही. परत येताना भाऊ म्हणाले, "तुमी एकट्या नका जिवाला खाऊ. म्या तरी कुठं तपासलं?" बरं वाटलं थोडं. पण झोप नाहीच.

१५ जाने.
येडशीच्या पुढं, वस्तीवर. ओसरीत बसून लिहितेय, नुसतं बसवत नाही. हे एकच गिऱ्हाईक राहिलं होतं, फोन लागतच नव्हता म्हणून आलो. घरी त्याची आई एकटी.
"त्यो विहिरीवर गेलाय. सकाळपून मोबाईल दाबून दाबून थकला, मोटर काय चालू हुईना. जळली आसंल म्हणला. दोर घिऊन गेलाय, उतरून काढतो म्हणला."
मोटर जळलेली नाही. त्याचं ‘चालू’ गेलेलंच नाही. मोबाईलमध्ये बसलंय.
"मावशी, फोन त्यांच्यापाशीच आहे?"
"व्हय की. पर त्येच्या शिमकार्डाला रेंज कवा येती कवा न्हाय. तुमचं लागतंय का बघा."
बालाजीभाऊ पळत गेलेत. विहीर लांब आहे, ओढ्यापलीकडं. जाता जाता ओरडले, "ताई, तुमी फोन लावत ऱ्हावा!"
लावतेय. स्पीकरवर ठेवलाय. दर वेळी तीच बाई, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मावशी पाणी घेऊन आल्या, तोंड का उतरलंय विचारलं. काय सांगू? देवा, भाऊंना आधी पोचू दे. त्याला रेंज यायच्या आधी.
पुन्हा लावला.
रिंग वाजतेय.